लहानग्यांचे बूट आणि कोसळलेले सरकार : आयर्लंड, जानेवारी १९८२ (दीर्घ धागा)

लिओ वराडकर हे नाव मराठी वाचकांस नवे नाही. मालवण तालुक्यातील वराड हे त्यांच्या वडिलांचे मूळ गाव. पुत्र दोन वेळा आयर्लंडचा पंतप्रधान झाला, तेव्हा कोकणात त्याचे मोठे अप्रूप वाटले. वराडकर ज्या ‘फिना गेल’ पक्षाचे, त्याच पक्षाचे एक पूर्वसूरी पंतप्रधान म्हणजे गॅरेट फिट्झजेराल्ड. त्यांचे सरकार २७ जानेवारी १९८२ च्या रात्री एका मताने कोसळले. ते कशामुळे पडले, असे एखाद्या आयरिश माणसास आजही विचारले, तर उत्तर दोनच शब्दांत मिळते : मुलांचे बूट.

इतक्या सुटसुटीत उत्तराकडे संशयाने पाहावे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास पहिल्या वर्षापासून शिकवले जाते. मीही तसाच पाहत होतो. पण या प्रकरणाचे वाचन वाढत गेले तसे माझे मत असे बनले की हे लोकस्मृतीतले उत्तर बरेचसे खरे आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा धागा. संसदेत जाण्यापूर्वी मात्र थोडा वेळ बुटांच्या दुकानात थांबावे लागेल.

मोठ्या माणसाचा बूट फाटेपर्यंत चालतो. लहान मुलाचा बूट फाटण्याआधीच तोकडा पडतो. पहिल्या काही वर्षांत मुलाचा पाय वर्षाला साधारण दोन मापे वाढतो. याचा अर्थ, घरात तीन मुले असतील तर वर्षाला पाच-सहा जोड. कोट आणखी एक हिवाळा ढकलता येतो, बाह्या आखूड झाल्या तरी चालते. पाय मात्र आखूड बुटात शिरत नाही. म्हणून आईबाप एक माप मोठा बूट घेतात, पुढच्या टोकात कापूस कोंबतात, थोरल्याचा जोड धाकट्यास चढवतात. हे उपाय जगात सर्वत्र सारखेच आहेत, आणि त्यांची धाव थोडीच असते.

मापांचीही एक गंमत आहे. इंग्रजी पद्धतीत एका मापाचा फरक म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, अर्थात एक तृतीयांश इंच. आजच्या हिशेबाने साडेआठ मिलिमीटरांस किंचित कमी. (कौटिलीय अर्थशास्त्रातही आठ यवमध्यांचे एक अंगुल मानले आहे. जवाच्या दाण्याने लांबी मोजण्याची युक्ती दोन्हीकडे सुचलेली दिसते.) मुलांची मापे चार इंचांपाशी शून्याने सुरू होतात, तेरापर्यंत चढतात, आणि तिथून पुन्हा एकपासून मोठ्यांची मापे सुरू होतात. या जोडावर मूल कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते, हे बूट पाहून सांगता येत नाही. हा जोड ध्यानात ठेवावा. पुढे सारा घोळ तिथेच होणार आहे.

आता आयर्लंड. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने एक अजब उपक्रम राबवला. देशभरच्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील मुलांना वह्या दिल्या आणि आपापल्या आजी-आजोबांकडून, शेजारपाजाऱ्यांकडून जुन्या गोष्टी, समजुती, रीतिभाती लिहून आणण्यास सांगितले. ‘शाळांचा संग्रह’ या नावाने ओळखला जाणारा तो ठेवा आज महाजालावर खुला आहे. विषयांच्या यादीत एक शीर्षक आहे ‘पायांची निगा’. त्याखाली मुलांनी लिहिलेल्या टिपणांत एक गोष्ट वारंवार येते : पूर्वी माणसे बरीच मोठी होईपर्यंत बूट घालत नसत, आणि आजही उन्हाळ्यात मुले अनवाणीच फिरतात. अकरा-बारा वर्षांच्या पोरांनी हे सहज, तक्रारीचा सूर न लावता लिहिले आहे. मला या संग्रहातील सर्वांत मोलाची बाब तीच वाटते. वंचना जेव्हा सर्वांच्या वाट्याची असते, तेव्हा ती वहीत ‘रीत’ म्हणून नोंदवली जाते.

शहरांत हेच अनवाणीपण निराळे दिसे. खेड्यातल्या गवतावर जे चाले, ते डब्लिनच्या ओल्या फरसबंदीवर लाजिरवाणे ठरे. त्या काळी ब्रिटनच्या अनेक शहरांत पोलिसांच्या मदतीने चालणाऱ्या धर्मादाय संस्था गरीब मुलांना बूट वाटत. त्या बुटांवर ठळक शिक्का मारलेला असे, कारण घरी दाणा संपला की तेच बूट सावकाराकडे गहाण पडत. शिक्क्यामुळे सावकार ते ठेवून घेत नसे. पण त्याच शिक्क्यामुळे वर्गातल्या प्रत्येकास कळे की हे बूट दानाचे आहेत. बूट मिळाले, आणि ते कुठून आले याची पाटीही पायात अडकली.

१९८२ साली आयरिश संसदेत बसलेल्या पन्नाशीच्या माणसाचे बालपण या जगात गेलेले होते. बूट ही त्यांच्या दृष्टीने एखादी किरकोळ वस्तू नव्हती. आपण अनवाणी होतो आणि आपली मुले अनवाणी नाहीत, एवढ्या एका वाक्यात त्या पिढीला स्वतंत्र आयर्लंडची मिळकत सांगता आली असती.

आता राजकारणाचा पट मांडू. ११ जून १९८१ च्या निवडणुकीत १६६ जागांच्या ‘डॉल’मध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, कुणालाच बहुमत मिळाले नाही. चार्ल्स हॉही यांच्या ‘फियना फॉल’ला ७८ जागा, फिना गेलला ६५, मजूर पक्षाला १५. उरलेल्या आठांत सगळी इतर मंडळी. त्यांतील दोघे उत्तर आयर्लंडमधील तुरुंगातले कैदी होते. त्यांपैकी किरन डोहर्टी हे २ ऑगस्ट रोजी उपोषणात मरण पावले. ३० जून रोजी फिना गेल आणि मजूर पक्ष यांचे आघाडी सरकार अपक्षांच्या भरवशावर सत्तेत आले. दोन्ही पक्षांची बेरीज ८०. यापुढचे प्रत्येक मत मागून आणायचे.

तिजोरीची अवस्था बिकट होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारांनी भरमसाट कर्ज काढून खर्च केला होता. १९८१ साली महागाईचा दर २० टक्क्यांवर गेला होता. फिट्झजेराल्ड स्वतः अर्थतज्ज्ञ. विस्कटलेला हिशेब पुन्हा जमवायचा, तर कर वाढवावे लागतील आणि अनुदाने कापावी लागतील, याबद्दल त्यांच्या मनात संदेह नव्हता. अर्थमंत्री होते जॉन ब्रूटन, वय अवघे ३४; हेच पुढे १९९४ मध्ये पंतप्रधान झाले.

ब्रूटन यांनी २७ जानेवारी १९८२ रोजी अर्थसंकल्प मांडला. मद्य, तंबाखू, पेट्रोल यांवरचे कर वाढले. दूध आणि लोणी यांवरची अनुदाने घटली. आणि आजवर ज्यांवर मूल्यवर्धित कराचा दर शून्य होता, त्या कपड्यांवर आणि पादत्राणांवर १८ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव आला. मोठ्यांच्या आणि मुलांच्याही. गरीब कुटुंबांचे नुकसान सामाजिक भत्ते वाढवून भरून काढू, ही सरकारची बाजू.

निदान मुलांचे कपडे आणि बूट तरी वगळा, अशी मागणी अपेक्षितच होती. ती न मानण्याचे जे कारण पुढे आले, ते आयरिश राजकारणात अजरामर झाले आहे. मुलांच्या बुटांना सूट दिली, तर लहान पावलांच्या स्त्रिया मुलांच्या विभागातून बूट विकत घेतील आणि कर चुकवतील! हा युक्तिवाद फिट्झजेराल्ड यांच्या नावावर चिकटला तो कायमचा. डब्लिन विद्यापीठाच्या वर्तुळात वावरलेला, ज्ञानी, विसराळू, सज्जन प्राध्यापक अशी त्यांची प्रतिमा होती. ती प्रतिमा आणि हा युक्तिवाद एकमेकांना इतके शोभले की व्यंगचित्रकारांना फार कष्ट पडले नसावेत.

हसण्यापूर्वी त्या जवाच्या दाण्याकडे परत जाऊ. युक्तिवाद वेडगळ नव्हता. शेजारच्या ब्रिटनमध्ये १९४० साली खरेदीकर आला तेव्हापासून मुलांच्या कपड्यांना आणि पादत्राणांना सूट होती, आणि १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला तेव्हाही ती शून्य दराच्या रूपाने टिकली. पण सूट द्यायची तर ‘मुलाचा बूट’ म्हणजे काय, हे कायद्याने सांगावे लागते. दुकानदार गिऱ्हाइकाचा जन्मदाखला मागत नाही. तेव्हा उरतो एकच मार्ग : माप. अमुक मापापर्यंत मुलाचा, त्यापुढे मोठ्याचा. आणि मापे तर त्या जोडावर एकमेकांत मिसळलेली. दहा-अकरा वर्षांच्या दांडग्या मुलाला मोठ्याचा कर बसतो आणि नाजूक पावलांच्या सधन बाईला मुलाची सूट मिळते. ब्रिटनमधील स्त्रिया या सवलतीचा लाभ घेत, हे गुपित नव्हते.

फिट्झजेराल्ड यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगता येते, आणि तिचा उल्लेख फारसा होत नाही. वस्तूवरची करमाफी श्रीमंतालाही मिळते, किंबहुना तोच महागडे बूट घेत असल्याने रुपयांत त्याची बचत जास्त. तेच पैसे गोळा करून गरीब घरांत रोख पोहोचवले, तर मदत नेमक्या जागी जाते. अर्थशास्त्राच्या वर्गात हा युक्तिवाद बिनतोड आहे. त्याची अडचण आईच्या बाजूने पाहिल्यावर कळते. भत्ता आला की तो भाड्यात, कोळशात, उधारीत विरघळतो. बुटांची वाढलेली किंमत मात्र काउंटरवर, मूल शेजारी उभे असताना, एकरकमी द्यावी लागते. त्यातून ज्यांना भत्ता मिळतच नाही, पण पगार पुरतही नाही, अशी कष्टकरी कुटुंबे या हिशेबात कुठेच बसत नव्हती. त्या काळच्या आयर्लंडमध्ये दर स्त्रीमागे सरासरी तीन अपत्ये होती. बुटांच्या दुकानात जाणे ही वर्षातून अनेकदा घडणारी गोष्ट होती.

आता त्या रात्रीकडे. सरकारला अपक्षांची गरज होती, आणि प्रत्येकाची कहाणी वेगळी होती.

जिम केमी हे लिमरिकचे पाथरवट. दगड घडवत घडवत कामगार चळवळीत आलेले, कट्टर समाजवादी, आणि स्थानिक इतिहासाचे व्यासंगी. जून १९८१ मध्ये त्यांनी फिट्झजेराल्ड यांना पाठिंबा दिला होता. शॉन लॉफ्टस हे डब्लिनचे वकील आणि पर्यावरणवादी. मतपत्रिकेवर आपला मुद्दा छापून यावा म्हणून त्यांनी कायदेशीर रीतीने स्वतःचे नावच बदलून ‘शॉन डब्लिन बे रॉकॉल लॉफ्टस’ असे करून घेतले होते. जो शेरलॉक हे पूर्व कॉर्कचे, ‘सिन फेन द वर्कर्स पार्टी’चे एकमेव सदस्य. आणि चौथे डॉ. नोएल ब्राउन.

ब्राउन यांच्यापाशी थोडे थांबायला हवे. क्षयरोगाने स्वतःचे कुटुंब उद्ध्वस्त झालेले पाहिलेला हा डॉक्टर १९४८ मध्ये आरोग्यमंत्री झाला. १९५१ साली त्याने माता आणि सोळा वर्षांखालील मुले यांना मोफत वैद्यकीय सेवा देण्याची योजना आणली. कॅथलिक धर्मपीठ आणि डॉक्टरांची संघटना यांनी मिळून ती हाणून पाडली आणि ब्राउन यांना राजीनामा द्यावा लागला. आयर्लंडच्या सामाजिक इतिहासातील हे एक मोठे प्रकरण. आई आणि मूल यांच्यासाठी मंत्रिपद गमावलेला हाच माणूस ३१ वर्षांनी मुलांच्या बुटांवर कर लावणाऱ्या अर्थसंकल्पाच्या बाजूने मत देतो! यात मला विसंगती दिसत नाही. हॉही यांना सत्तेत आणण्यापेक्षा हे सरकार बरे, एवढा साधा हिशेब त्यामागे असावा. तरी इतिहासाने त्या रात्री ब्राउन यांना विचित्र जागी बसवले खरे.

मतदानाच्या वेळी फिट्झजेराल्ड स्वतः केमी यांच्या बाकापाशी गेले आणि त्यांची मनधरणी करू लागले. पंतप्रधान एका अपक्षाच्या पुढ्यात वाकून विनवतो आहे, हे दृश्य साऱ्या सभागृहाने पाहिले. केमी बधले नाहीत. अन्नावरची अनुदाने कापायची आणि मुलांच्या अंगावरच्या कपड्यांवर कर लावायचा, हे एका समाजवाद्याने कोणत्या तोंडाने मान्य करावे, हा त्यांचा मुद्दा. लॉफ्टस आणि शेरलॉक यांनीही विरोधात मत दिले.

बेरीज करून पाहावी. फियना फॉलचे ७८, त्यांच्या जवळचे अपक्ष नील ब्लेनी, आणि केमी, लॉफ्टस, शेरलॉक : ८२. सरकारचे ८० आणि ब्राउन : ८१. अध्यक्ष मतदानात नाहीत, डोहर्टी यांची जागा रिकामी, दुसरे कैदी सदस्य सभागृहात येतच नव्हते. एका मताने सरकार गेले.

मग खरोखर बुटांमुळेच गेले काय? केमी यांना दूध-लोण्याचाही राग होता. अपक्षांच्या टेकूवर उभे असलेले सरकार कधीतरी पडणारच होते. कर्जाचा डोंगर नसता तर हा अर्थसंकल्पच आला नसता. हे सारे मान्य. परंतु दारू-तंबाखूवरचे कर आयर्लंडने दरवर्षी सोसले होते आणि त्यांवर सरकारे पडली नव्हती. बुटांच्या बाबतीत अपक्षांना आपल्या मतदारसंघात परत जाऊन समर्थन करता येईल असे काहीच उरले नव्हते. ज्याला टाळता येत नाही, पुढे ढकलता येत नाही, आणि ज्याची निवड करणारे मूल स्वतः काही कमवत नाही, अशा खर्चावर कर लागत होता. लोकस्मृतीने नेमके तेच उचलले, यात तिची चूक नाही.

गंमत अशी की मतदारांनी फिट्झजेराल्ड यांना फारशी शिक्षा केली नाही. १८ फेब्रुवारी १९८२ च्या निवडणुकीत फिना गेलच्या दोन जागा घटल्या, पण मतांचा वाटा ३६.५ टक्क्यांवरून ३७.३ टक्क्यांवर गेला. केमी पुन्हा निवडून आले. आपले नाव बदलणाऱ्या लॉफ्टस यांची जागा मात्र गेली. फियना फॉलला ८१ जागा मिळाल्या आणि ९ मार्च रोजी हॉही पंतप्रधान झाले. तेही सरकार नोव्हेंबरात पडले आणि डिसेंबरात फिट्झजेराल्ड परत आले.

या रात्रीचा एक धागा मात्र आठ वर्षे लांब गेला. सरकार पडताच फिट्झजेराल्ड संसद विसर्जित करण्याचा सल्ला घेऊन राष्ट्राध्यक्ष पॅट्रिक हिलरी यांच्याकडे निघाले. बहुमत गमावलेल्या पंतप्रधानाचा असा सल्ला नाकारण्याचा अधिकार आयरिश राज्यघटना राष्ट्राध्यक्षास देते. तो त्यांनी वापरावा आणि निवडणूक न घेता सत्ता आपल्याकडे यावी, यासाठी फियना फॉलच्या नेत्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी दूरध्वनींचा सपाटा लावला. हिलरी यांनी दाद दिली नाही.

१९९० साली फियना फॉलचे ब्रायन लेनिहन राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. जिंकणार असेच सर्वांना वाटत होते. त्या रात्री आपण दूरध्वनी केला नव्हता, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात जिम डफी नावाच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंधासाठी मुलाखत देताना त्यांनी नेमके उलट सांगितले होते, आणि ते ध्वनिफितीवर होते. फीत बाहेर आली. ३१ ऑक्टोबर रोजी लेनिहन यांना मंत्रिमंडळातून काढण्यात आले, आणि ७ नोव्हेंबरच्या मतदानात पहिल्या पसंतीची सर्वाधिक मते मिळूनही दुसऱ्या फेरीत ते हरले. मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. (प्रबंधासाठी मुलाखती घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, ध्वनिमुद्रणे जपून ठेवा!)

आणि बूट? फिट्झजेराल्ड यांच्या दुसऱ्या सरकारने १९८४ च्या अर्थसंकल्पात कपडे आणि पादत्राणे पुन्हा कराच्या जाळ्यात आणली, पण या खेपेस फक्त मोठ्यांची. मुलांची वगळली. लहान पावलांच्या स्त्रियांचे भय दोन वर्षांत कुठे गेले, हे कुणी विचारले नाही.

आजही आयर्लंडमध्ये मुलांच्या बुटांवर मूल्यवर्धित कराचा दर शून्य आहे. त्याखेरीज शाळा सुरू होण्याच्या सुमारास अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना कपडे आणि पादत्राणांसाठी रोख भत्ताही मिळतो. म्हणजे १९८२ मध्ये ज्या दोन मार्गांपैकी एकच निवडावा लागेल असे वाटत होते, ते दोन्ही शेवटी शेजारीशेजारी चालू राहिले. ‘मूल’ कोण, याचे उत्तर कायद्याने असे दिले आहे : अकरा वर्षांखालील, सरासरी बांध्याचे. त्या मापाहून मोठ्या बुटावर मोठ्यांचा कर लागतो. आणि ज्या स्त्रीचे पाऊल मुलांच्या मापात बसते, ती आजही खुशाल मुलांच्या फळीवरचा जोड उचलते आणि कर न भरता घरी जाते.